हेल्परचा शुक्रवार

प्रमोदने पिल्लू खाली ठेवलं ते नेमकं सासूबाईंच्या पांढऱ्या साडीवर.

गयाबाईंनी साडीला नुकतीच इस्त्री केली होती आणि घडी घालण्याआधी जरा गार होऊ दे म्हणून ती चटईवर पसरली होती. संध्याकाळी विहारात महिला मंडळाचा कार्यक्रम होता आणि मंडळाच्या अध्यक्ष त्याच होत्या. प्रमोदला वाटलं, चादर अंथरलीय. पिल्लाला काय वाटलं ते पिल्लालाच ठाऊक. उल्हासनगर कॅम्प पाचपासून अंबरनाथपर्यंत रिक्षात ते प्रमोदच्या मांडीवर शहाण्यासारखं बसून होतं. एवढा वेळ आवरून धरलेलं सगळं त्याने दोन गिरक्या घेऊन त्या साडीच्या मधोमध मोकळं केलं, आणि मग केलेल्या कामावरून एकदा चालूनही पाहिलं.

जावयाला बोलायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि गयाबाई पद्धतीच्या पक्क्या. त्यांनी जावयाकडे बघून "बसा ना, उभे का," असं म्हटलं आणि तोंड न्हाणीकडे वळवलं.

"अहो, साडी पसरलेली दिसत नाही तुम्हाला? उचलून ठेवता येत नाही? घरात लक्ष म्हणून नाही माणसाचं."

रामभाऊ न्हाणीत दाढी करत होते. मध्ये भिंत होती. पण जावयाच्या वाटणीचं बोलणं सासऱ्याने खायचं ही पद्धत त्यांनाही मान्य असावी. एका गालाला फेस तसाच ठेवून ते बाहेर आले, साडी पाहिली, पिल्लू पाहिलं, जावई पाहिला.

"जय भीम, जावईबापू. हे कोण?"

"पिल्लू आहे, बाबा."

"ते दिसतंय. आमच्याकडे कशाला पाठवलंय?"

खरी हकिकत अशी होती की प्रमोद कॅम्प पाचमध्ये एका जीन्सच्या व्यापाऱ्याकडे गोदाम सांभाळायचा. त्या गोदामात खोक्यांच्या मागे एक कुत्री व्याली. तिची बाकीची पिल्लं कोणी ना कोणी नेली, कुत्रीही कुठे गेली कळलं नाही, आणि हे एक तपकिरी, उजवा कान पडलेलं पिल्लू मागे उरलं. सेठ सिंधी, स्वभावाने बरा. त्याने दोन दिवस पाहिलं आणि म्हणाला, "साईं, या तो इसका बिल बनाओ, या घर लेके जाओ." प्रमोदचं घर बदलापूरला, सोसायटीत. तिथे गेटवरच कुत्र्यांबद्दल पाटी. बायकोला, म्हणजे पायलला, फोन लावला तर ती म्हणाली, "आण खुशाल. मग दोघं खाली वॉचमनजवळ झोपा." उल्हासनगर आणि बदलापूर यांच्या मध्ये अंबरनाथ लागतं, आणि अंबरनाथला सासुरवाडी. प्रमोदला हा भूगोल एकदम सोयीचा वाटला.

पण सासऱ्यापुढे भूगोल सांगता येत नाही. तो म्हणाला, "म्हटलं, बाबा रिटायर झाल्यापासून एकटे पडलेत. सोबत होईल."

"एकटे?" गयाबाई म्हणाल्या. "मग इतकी वर्षं मी कोण होते इथं, गेस्ट?"

एवढ्यात दारात चामटोलीचे महिपती दुधाचा कॅन घेऊन उभे राहिले. महिपतींची चामटोलीला थोडी शेती, दोन म्हशी. अंबरनाथच्या या गल्लीला त्यांचंच दूध. त्यांनी पिल्लाकडे पारखी नजरेने पाहिलं.

"द्या ना मना. मल्यावर ऱ्हाईल मोकला. कोंबऱ्या राखील."

प्रमोदचा चेहरा उजळला. "आधी होता का तुमच्याकडे कुत्रा?"

"होता ना. दोन होते. बिबट्यानी नेले," महिपती शांतपणे म्हणाले. "पन जागा मोकली हाय."

प्रमोदने पिल्लू उचलून छातीशी धरलं. गयाबाईंनी ते पाहिलं. कडक असल्या तरी त्या बाई काही दगडाच्या नव्हत्या. त्यांनी मधला मार्ग काढला.

"बुद्धपौर्णिमेला भंतेजी आपल्याकडे भोजनाला यायचेत. मंडळाच्या सगळ्या बाया असतील. तोपर्यंत राहू दे याला. घरात घाण करायचं थांबलं तर राहील. नाही थांबलं, तर त्या दिवशी महिपतीभाऊ, तुम्ही दोरी घेऊन या."

"येतो," महिपती म्हणाले, आणि दूध मापून गेले.

प्रमोद धास्तावला. रामभाऊंनी मात्र उरलेला गाल पुसला, पिल्लाला मानेखाली धरून उजेडाकडे फिरवलं आणि सांगून टाकलं, "होईल. मी हाताखाली एवढे ऑपरेटर घडवले, हे काय आहे."

रामभाऊंची सगळी नोकरी आनंदनगरच्या एमआयडीसीत झालेली. पत्र्याचे डबे करणारी कंपनी. ते हेल्पर म्हणून लागले, पुढे प्रेस मशीनवर ऑपरेटर झाले आणि सुपरवायझर म्हणून बाहेर पडले. घरही असं की कंपनीची मागची भिंत आणि यांची गल्ली एकमेकींना पाठ लावून बसलेल्या. कंपनीचा भोंगा झाला की रामभाऊंच्या फडताळातल्या कपबशा किणकिणायच्या. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, पण ते फक्त कंपनीला माहीत होतं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की रामभाऊ अजूनही उठायचे, जाड तळव्यांचे काळे बूट पायात सरकवायचे, कंपनीचं गेट दिसतं त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे, कोण वेळेवर आलं आणि कोण उशिरा, ते बघायचे आणि परत यायचे. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की तेच. दुपारची पाळी सुटली की तेच. एकदा गेटवरच्या नव्या वॉचमनने हटकलं, "बाबा, काम है क्या?" रामभाऊ म्हणाले, "काम तुम्हारा है. मैं देख रहा हूं."

पिल्लाचं नाव त्यांनी त्याच संध्याकाळी ठेवलं. पायलने फोनवरून ब्राउनी सुचवलं होतं. रामभाऊंनी ते फेटाळलं. "कंपनीत जो येतो तो आधी हेल्पर. मी पण हेल्परच होतो." झालं, पिल्लू हेल्पर झालं.

प्रमोदला वाटत होतं की आणलंय आपण, तर शिकवायलाही आपण हातभार लावावा. त्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यात एक गोरी बाई जमिनीवर कागद पसरायची, पिल्लू कागदावर बसायचं आणि बाई टाळ्या वाजवायची. कामावरून घरी जाताना प्रमोद अंबरनाथला उतरायला लागला. रद्दी पसरायची, हेल्परला तिच्यावर ठेवायचं, "गुड बॉय, गुड बॉय" म्हणत बसायचं. हेल्पर हुशार. तीन-चार दिवसांत त्याला पक्कं कळलं की हा विधी वर्तमानपत्रावर करायचा. मग एका सकाळी रामभाऊ चटईवर आजचा पेपर उघडून बसले असताना तो डौलात आला आणि त्याने तो केला.

गयाबाई कपाळाला हात लावून उभ्या. रामभाऊंनी पेपर वाकून पाहिला.

"राशिभविष्यावर केलंय," ते म्हणाले. "विचारानं आपल्यातला दिसतोय."

पण त्या दिवसापासून त्यांनी जावयाला या कामातून मोकळं केलं. "तुम्ही बघत जा नुसतं," ते म्हणाले. सुपरवायझर लोक एखाद्याला किती मायेने बाजूला करतात, ते प्रमोदला त्या दिवशी समजलं.

रामभाऊंची रीत साधी होती. भोंगा झाला की ते उठायचे, बूट घालायचे, हेल्परला घेऊन कंपनीच्या भिंतीशी असलेल्या एरंडाच्या झुडपापाशी जायचे आणि तोंड दुसरीकडे करून उभे राहायचे. ना टाळ्या ना गुड बॉय. घरात कुठे चुकला तरी ओरडायचं नाही.

"ओरडत का नाही, बाबा?" प्रमोदने विचारलं.

"प्रेसवर नव्या माणसावर ओरडायचं नसतं. दचकला की बोट जातं."

"याचं कुठलं बोट जातंय?"

"याचं नाही. माझी सवय जाईल," रामभाऊ म्हणाले.

आणि खरंच, हेल्पर शिकला. भोंगा झाला की दाराशी, दारातून एरंडाशी, एरंडापासून ओट्यावर. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. गयाबाईंनी कौतुक केलं नाही, पण पोळीचा तुकडा टाकताना तो तुपाच्या बोटाने टाकायला लागल्या. प्रमोद घरी जाऊन पायलला रोजचा अहवाल द्यायचा. फक्त एक गोष्ट तो सांगत नव्हता, कारण रामभाऊंनी ती त्याला हळू आवाजात सांगितली होती.

"शुक्रवारी चुकतो."

एमआयडीसीची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी भोंगा नाही. त्या दिवशी हेल्पर हमखास घरात करायचा, एकदा पिठाच्या डब्यामागे, एकदा रामभाऊंच्या उशाशी. गयाबाई शुक्रवारी सकाळी विहाराच्या साफसफाईला जायच्या, म्हणून निभावलं. त्या यायच्या आत रामभाऊ फरशी पुसून फिनेल टाकून बसायचे. घराला एवढा फिनेलचा वास का, असं गयाबाईंनी एकदा विचारलं. "स्वच्छता," रामभाऊ म्हणाले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हा शब्द नवऱ्याच्या तोंडून ऐकून त्या जरा विचारात पडल्या.

रामभाऊंना या भानगडीचं दुःख कमी आणि अभिमानच जास्त होता. "बघा, वार कळतो त्याला. सुट्टीच्या दिवशी काम कोण करतं? युनियनमध्ये चालला असता."

प्रमोदने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, आणि पौर्णिमेच्या चौकटीवर बोट ठेवलं. "बाबा, पौर्णिमा शुक्रवारी आहे."

रामभाऊ उठून कॅलेंडरजवळ गेले. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. वार बदलला नाही.

"होईल," ते म्हणाले. पण या वेळी जरा थांबून म्हणाले.

प्रमोदला बिबट्या दिसायला लागला. चामटोलीचा मळा, मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत कान पाडून बसलेला हेल्पर. बसल्या बसल्या त्याला युक्ती सुचली. पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, गुरुवारी, तो अंबरनाथला उतरला, कंपनीच्या भिंतीला मोबाइल टेकवून उभा राहिला आणि संध्याकाळचा भोंगा त्याने रेकॉर्ड केला. दुसऱ्या दिवशी सेठच्या घरी लग्न, म्हणून गोदाम बंद. सकाळीच तो सासुरवाडीला हजर झाला. गयाबाई विहारात गेल्या होत्या.

शुक्रवारचे रामभाऊ त्याने आजवर पाहिलेच नव्हते. डोक्याला तेल थापलेलं, अंगात बनियन, चटईवर आडवे. डोळे मिटलेले. एक पाय भिंतीला लावलेला. "या," एवढंच म्हणाले, डोळे न उघडता. हेल्पर दाराशी बसून त्यांच्याकडे बघत होता. उठून त्यांच्या पायाशी गेला, परत दाराशी आला. कुंईं केलं. रामभाऊंनी कूस बदलली.

प्रमोदने मोबाइलचा आवाज वाढवून भोंगा लावला.

हेल्परने मान वाकडी करून मोबाइलकडे पाहिलं आणि जांभई दिली. जागचा हलला नाही. पण चटईवर हालचाल झाली. रामभाऊ उठून बसले, उभे राहिले, डोळे अजून अर्धे मिटलेले, आणि पाय बूट शोधायला लागले. एक बूट पायात गेला तसा हेल्पर उडी मारून दाराबाहेर झाला. दुसरा गेला तसा तो एरंडाशी पोचला. बाहेर भर उन्हात, सुट्टीच्या दिवशी, बनियनवर आणि काळ्या बुटांत उभे राहिल्यावर रामभाऊंना नीट जाग आली.

"आज भोंगा कसा?" ते म्हणाले.

प्रमोदला हसू आवरेना. "बाबा, तो भोंग्यावर नाही चालत. तुमच्या बुटांवर चालतो. भोंग्यावर तुम्ही चालता."

रामभाऊ परत आले. बूट काढले. चटईवर बसले.

"मी आपसूक उठलो," ते म्हणाले.

"परत लावू?"

"लावू नका."

"पौर्णिमेला हळूच लावतो ना, खिशात. कोणाला कळणार नाही."

"भंतेजींच्या समोर तुम्ही भोंगा वाजवणार? आणि मी काय भोंगा झाला की उठणारा प्राणी आहे?" रामभाऊ खरंच दुखावले होते. "शुक्रवार माझा आहे, जावईबापू. सगळी नोकरी मी त्या एका दिवसावर काढली. ओव्हरटाइमला नाही म्हणालो, साहेबाच्या घरच्या पूजेला नाही गेलो, तुमच्या लग्नाची बैठक शुक्रवारी ठरत होती ती मी शनिवारी करायला लावली. शुक्रवारी मी उंबरा ओलांडत नाही. कुत्र्यासाठी पण नाही."

प्रमोदने मोबाइल खिशात घातला. त्या शुक्रवारी जाताना त्याने हेल्परच्या डोक्यावरून उगाच जास्त वेळ हात फिरवला.

बुद्धपौर्णिमा उजाडली. घर चुन्याने लख्ख झालेलं, दाराला पंचशील ध्वज, बुद्धमूर्तीपुढे फुलं आणि मेणबत्त्या, स्वयंपाकघरात खिरीचं पातेलं. भंतेजींचं भोजन बारा वाजायच्या आत व्हायला लागतं, म्हणून वंदना त्याआधी. मंडळाच्या बाया पांढऱ्या साड्यांत ओळीने बसल्या आणि खोली दुधाच्या कॅनसारखी काठोकाठ भरली. पुढे रामभाऊ, पांढरा सदरा, पांढरा लेंगा, यजमान म्हणून अगदी भंतेजींच्या समोर. प्रमोद आणि पायल मागच्या भिंतीला चिकटलेले. बाहेर ओट्यावर महिपती बसले होते. त्यांच्या एका हातात कॅन होता, दुसऱ्यात दोरी.

गयाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "वंदना सुरू झाल्यावर कोणी जागचं हलायचं नाही. मोबाइल बंद. पोरं बाहेर." हेल्परचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण बघितलं त्याच्याकडेच.

हेल्पर उंबऱ्याच्या आत, चपलांजवळ बसला होता. इतकी पांढरी माणसं त्याने प्रथमच पाहिली होती. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. सगळ्या खोलीचा एक आवाज झाला, संथ आणि खालच्या पट्टीतला. एवढ्यात, रोज जेवणाच्या सुट्टीचा भोंगा होतो त्या सुमाराला, हेल्पर उठला.

प्रमोदने ते पाहिलं. हेल्पर दाराकडे गेला, परत आला. बसल्या माणसांमधून वाट काढत तो पुढे निघाला, एकीच्या पदराला हुंगून, दुसरीच्या गुडघ्याला वळसा घालून, आणि खोलीच्या बरोबर मधोमध थांबला. तिथे मंडळातल्या अंजनीकाकूंच्या साडीचा घोळ पसरला होता, पांढराशुभ्र. त्याने त्या घोळाभोवती एक गिरकी घेतली. आता दुसरी घेतली की संपलं, हे प्रमोदला साडीच्या अनुभवावरून माहीत होतं. त्याला उठता येईना, पुढे बायांची भिंत. त्याने डोळ्यांनी सासऱ्यांना खुणा केल्या, पण सासऱ्यांचे डोळे मिटलेले. पायलने त्याचा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली.

आणि रामभाऊ उठले.

हात जोडलेलेच होते. तोंडाने पंचशील चालूच होतं. त्यांनी डोळे उघडले, वळले, सगळ्या बायांच्या देखत पाय सांभाळत मागे आले, हेल्परपाशी क्षणभर थांबून पुढे दाराकडे चालू लागले. पायात बूट नव्हते. काहीच नव्हतं. हेल्परने त्या अनवाणी पायांकडे पाहिलं, जरा विचार केला, आणि गिरकी अर्धी सोडून त्यांच्या मागे निघाला. दोघांनी उंबरा ओलांडला. बाहेर वैशाखातला रस्ता तापलेला. रामभाऊ एका पायावरून दुसऱ्या पायावर होत एरंडाशी तोंड फिरवून उभे राहिले, आणि तिथून त्यांचा आवाज खोलीत येत राहिला, बाकीच्यांच्या अर्धा शब्द मागे, पण एकही शील न गाळता.

भंतेजी थांबले नाहीत. गयाबाईंनी मान वळवली नाही. पण त्यांचा आवाज एका ठिकाणी कापला, ते हसू होतं की आणखी काही, ते मागून दिसत नव्हतं.

रामभाऊ परत आले, ओट्यावर पाय धुतले आणि आपल्या जागी जाऊन बसले. हेल्पर चपलांवर डोकं ठेवून झोपला.

भोजन झालं, भंतेजींनी आशीर्वाद दिले, सगळे पांगले. महिपती दोरी चाचपत उभे राहिले. "न्यायचा ना?"

गयाबाई खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. "कोणाला? कॅन आणा इकडे. घरी मुलांना खीर घेऊन जा."

"आन दोरी?"

"दोरी म्हशीला बांधा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. जाता जाता वाटीभर खीर त्यांनी उंबऱ्याजवळ ठेवली, कोणाकडेही न बघता.

महिपतींनी काही वाईट वाटून घेतलं नाही. खीर चाखली, चांगली झाली म्हणाले आणि निघाले.

रामभाऊ ओट्यावर पाय पाण्याच्या बादलीत घालून बसले होते. तळवे लाल झाले होते. प्रमोद त्यांच्या शेजारी जाऊन बसला. पिल्लू राहिलं होतं, बिबट्याचं विघ्न टळलं होतं, आणि ज्या माणसाने जावयाच्या लग्नाच्या बैठकीसाठी शुक्रवार सोडला नव्हता त्याने तो आज चटके खात सोडला होता. त्याला सासऱ्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पाय बादलीत होते.

"बाबा, आज तुम्ही कमालच केलीत," तो शेवटी म्हणाला. "आता दर शुक्रवारी असंच उठणार ना?"

रामभाऊंनी एक पाय बाहेर काढला, तळवा बघितला, परत पाण्यात घातला.

"शुक्रवारची ड्युटी तुमची."